बेअर आणि इअर एकाच पानावर कसे? रायमिंग वर्ड्सच्या पुस्तकाचा चार महिने वापरून रिव्ह्यू

लेकीसाठी रायमिंग वर्ड्सचं, म्हणजे यमक जुळणाऱ्या इंग्रजी शब्दांचं, एक पुस्तक घेतलं होतं, त्याच्यासोबत कार्डांचा डबा येतो आणि ऑडिओसाठी मागच्या पानावर कोड दिलाय, त्याला आता चार महिने झाले. पहिल्या आठवड्यात रिव्ह्यू लिहिला असता तर पाच स्टार दिले असते, दीड महिन्यानी लिहिला असता तर दोन. आता सगळी पानं झालीत, सगळी कार्डं हाताळून झालीत, कुठे चांगलंय आणि कुठे घोळ आहे ते नीट कळलंय म्हणून सविस्तर लिहितेय. पुस्तकाचं नाव देत नाही, कारण ह्या प्रकारची मी अजून तीन चाळून बघितली आणि सगळी एकाच माळेची मणी आहेत, चुकासुद्धा त्याच. त्यामुळे मी जे लिहितेय ते तुमच्या हातात कुठलंही असं पुस्तक असेल तरी लागू पडेल.

आत काय आहे ते आधी सांगते. प्रत्येक पानावर एक कुटुंब, म्हणजे शेवट सारखा असलेले शब्द. इंग्रजी शब्द, त्याखाली देवनागरीत उच्चार, शेजारी मराठी अर्थ आणि छोटंसं चित्र. कार्डांवर एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला अर्थ. कार्डं जाड आहेत, कोपरे गोल आहेत, चार महिन्यांत एकच फाटलं. छपाई मोठी आहे. ह्या बाबतीत तक्रार नाही.

सुरुवातीची पानं खरंच सुंदर आहेत. कॅट, बॅट, हॅट, मॅट, रॅट, सॅट, फ्लॅट, चॅट, असा एकेक शब्द येत जातो आणि पोराला कळतं की मागचा भाग तोच आहे, फक्त पुढचं अक्षर बदलायचं. कॅट येतं ना, मग मॅट वाचायला वेगळं काही शिकायला लागत नाही. हट म्हणजे झोपडी, कट म्हणजे कापणे, नट, शट. मग बेल, टेल, सेल, वेल, स्पेल. किंग, रिंग, विंग, स्प्रिंग. माझ्या लेकीनी पहिल्या दहा दिवसांत न अडखळता शंभरेक शब्द वाचले, जे आधी प्रत्येक अक्षर सुटं सुटं म्हणत वाचायची. ह्याच्यामागे शास्त्र पण आहे, रिचर्ड वायली आणि डोनाल्ड ड्युरेल नावाच्या दोन अभ्यासकांनी १९७० साली दाखवून दिलं होतं की फक्त ३७ शेवट घेतले तर त्यातून लहान मुलांच्या वाचनातले जवळपास ५०० शब्द तयार होतात. ३७ शेवट! ॲट, एल, इंग, इंक, ॲक, आइट, एक, ऑप वगैरे. पुस्तकाचा पहिला अर्धा भाग साधारण ह्याच शेवटांवर आहे आणि म्हणूनच तो इतका चांगला चालतो. तेवढ्यासाठी सुद्धा हे पुस्तक घ्यायला हरकत नाही असं माझं प्रामाणिक मत आहे.

घोळ पुढे सुरू झाला. पान होतं इअरचं. इअर म्हणजे कान, हिअर म्हणजे ऐकणे, डिअर म्हणजे प्रिय, निअर म्हणजे जवळ, फिअर म्हणजे भीती, यिअर म्हणजे वर्ष, आणि शेवटी बेअर म्हणजे अस्वल. चित्रात मस्त तपकिरी अस्वल. लेक ठेक्यात वाचत आली, इअर, हिअर, डिअर, निअर, फिअर, यिअर, बिअर! उच्चार खाली देवनागरीत बेअर असा छापलेला होता तरी तिनी बिअरच वाचलं, कारण वरच्या सहा शब्दांचा ठेका तिच्या तोंडात बसला होता आणि शेवटी तीच तीन अक्षरं दिसत होती, ई-ए-आर.

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांना इंग्रजी अक्षरं ओळखता येतात पण वाचता असं येत नाही, म्हणून त्या रोज आमच्यासोबत बसून नुसतं ऐकतात आणि अर्थ पाठ करतात. मी लेकीला सुधारलं, म्हटलं बिअर नाही गं, बेअर. तर सासूबाई पटकन म्हणाल्या, "मग ते इथे कशाला घातलंय? ते कालच्या चेअर, हेअरमधलं ना?"

मी दोन मिनिटं कार्डाकडे बघत बसले. बरोबर त्याच होत्या. बेअर जुळतं ते चेअर, हेअर, केअर, शेअर, स्क्वेअर ह्यांच्याशी. इअरशी त्याचं काही नातं नाही, फक्त स्पेलिंग सारखं दिसतं. मी इंग्रजी शिकलेली, वीस वर्षं इंग्रजीत मेल लिहितेय, माझ्या डोळ्याला ते खटकलं नाही, आणि ज्यांना स्पेलिंग येत नाही त्यांच्या कानानी ते एका क्षणात पकडलं.

तिथून मी हे पुस्तक वेगळ्या नजरेनी बघायला लागले, आणि मला वाटतं आपल्या मराठी माणसांचा गोंधळ का होतो ते पण तिथेच कळलं. आपल्याकडे जसं लिहितो तसं बोलतो. च, ज, झ ची भानगड सोडली, म्हणजे चमचामधला च वेगळा आणि चारमधला वेगळा, तेवढं सोडलं तर डोळ्याला जे जुळलेलं दिसतं ते कानाला पण जुळतं. मोरोपंतांच्या आर्येतलं यमक तुम्ही कागदावर बोट ठेवून दाखवू शकता, शेवटची अक्षरं तीच. ओवीचे पहिले तीन चरण बघा, शेवट डोळ्याला दिसतो. म्हणून आपल्याला लहानपणापासून सवय लागते की यमक बघायचं असतं. इंग्रजीत यमक बघायचं नसतं, ऐकायचं असतं. लेकीला मी आपलीच म्हण सांगितली, दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, त्यात यमक कुठलं ते आधी तिला शोधायला लावलं, दिसतं नसतं फसतं, मग म्हटलं आता इंग्रजी शब्दांच्या बाबतीत ह्या म्हणीचा अर्थ पण लक्षात ठेव.

आता पुस्तकातल्या चुका नीट लावून बघितल्या तर सगळ्या एकाच मुळातून आल्यात. ज्यांनी कोणी शब्द गोळा केले त्यांनी स्पेलिंगचा शेवट बघून गोळा केलेत. म्हणून लव्ह, ग्लव्ह, डव्ह ह्यांच्यासोबत मूव्ह आणि प्रूव्ह. म्हणून गुड, वुड, स्टुड ह्यांच्यासोबत फूड, मूड आणि ब्लड, फ्लड पण. डबल ओ आणि डी दिसलं की टाकलं एका पानावर. खरं तर ती तीन वेगळी कुटुंबं आहेत, गुड-वुड-स्टुड एक, फूड-मूड दुसरं, ब्लड-फ्लड तिसरं. आणि सगळ्यात वाईट पान ओ-यू-जी-एच चं. दो म्हणजे जरी, थ्रू म्हणजे आरपार, टफ म्हणजे कठीण, कॉफ म्हणजे खोकला, बाउ म्हणजे झाडाची फांदी. पाच शब्द, पाच वेगळे आवाज, आणि वर मथळा काय तर सेम साउंड वर्ड्स. सहा वर्षांच्या पोरानी काय करायचं ह्याचं?

असं का झालं इंग्रजीचं, हा प्रश्न लेकीनी विचारलाच, आणि त्याचं उत्तर मला स्वतःला इतकं आवडलं की इथे लिहितेच. इंग्लंडमध्ये विल्यम कॅक्स्टननी १४७६ साली पहिला छापखाना सुरू केला. छापायला लागले की हळूहळू स्पेलिंग ठरत जातं. पण नेमकं त्याच काळात, साधारण १४०० ते १७०० च्या दरम्यान, इंग्रजीतले दीर्घ स्वर बदलत होते, म्हणजे लोकांच्या तोंडात शब्द सरकत होते आणि कागदावर मात्र घट्ट बसत चालले होते. ब्लड, गुड, फूड ह्या तिन्हींमध्ये एके काळी एकच लांब ओ होता. तो आधी ऊ झाला, मग ब्लडमध्ये लवकर आखूड झाला आणि पुढे अ झाला, गुडमध्ये उशिरा आखूड झाला म्हणून उ राहिला, आणि फूडमध्ये लांबच राहिला. स्पेलिंग मात्र तिन्हीकडे जुन्या घराच्या पत्त्यासारखं तेच. शेक्सपिअरच्या एका सुनीतात, म्हणजे सॉनेटमध्ये, शेवटच्या दोन ओळी प्रूव्ह्ड आणि लव्ह्ड अशा जुळवलेल्या आहेत, आज म्हणून बघितलं तर जुळत नाहीत. अशा डोळ्याला जुळणाऱ्या पण कानाला न जुळणाऱ्या जोडीला इंग्रजीत आय राइम म्हणतात, म्हणजे डोळ्याचं यमक. पुस्तकात निदान एक पान ह्या नावानी वेगळं काढलं असतं तरी केवढं बरं झालं असतं!

आणि गंमत म्हणजे शब्द शेवटावरून लावायची ही कल्पना साडेचारशे वर्षं जुनी आहे. पीटर लेव्हिन्सनी १५७० साली इंग्रजी शब्द शेवटानुसार लावून शेजारी लॅटिन अर्थ दिलेला कोश काढला, इंग्रजीतला पहिला यमककोश तोच मानतात. म्हणजे शेवट सारखे असलेले शब्द आणि शेजारी दुसऱ्या भाषेत अर्थ, आपल्या हातातल्या पुस्तकाचा हा थेट पणजोबा. मग १७७५ साली जॉन वॉकरनी जो काढला त्यात शब्द स्पेलिंग उलटं वाचून लावलेत. पण वॉकर स्वतः उच्चारांचा जाणकार होता, उच्चार शिकवणं हाच त्याचा पेशा होता. आपल्याकडची पुस्तकं काढणाऱ्यांनी मांडणी स्पेलिंगची घेतली आणि उच्चार तपासायचं काम मात्र सोडून दिलं.

बरं, ह्याच्या उलट चूक पण आहे, ती पटकन दिसत नाही. स्पेलिंग वेगळं असलेले पण खरंच जुळणारे शब्द पुस्तकात एकत्र येतच नाहीत. ब्लू, शू, टू, न्यू, थ्रू, हू, क्यू. सात शब्द, ऊ एकच, आणि शेवटाचं स्पेलिंग जवळपास प्रत्येकाचं निराळं. काइट, लाइट आणि हाइट. व्हेल म्हणजे देवमासा, टेल म्हणजे शेपूट आणि मेल. हे पुस्तकात वेगवेगळ्या पानांवर विखुरलेत. आम्ही एका रविवारी सगळी कार्डं जमिनीवर ओतली आणि नव्यानी लावली. नियम एकच केला, लेक कार्ड वाचणार, सासूबाई डोळे मिटून ऐकणार आणि सांगणार कुठल्या ढिगात. त्या दिवशी ऊ चा ढीग सगळ्यात उंच झाला आणि लेक दर वेळी कार्ड ठेवताना मोठ्यांदा म्हणत होती, अगं हे पण! हे पण! माझ्या मते चार महिन्यांत ती सगळ्यात जास्त शिकली ती त्या दोन तासांत.

आता अर्थांबद्दल, कारण बरेच जण असं पुस्तक मराठी अर्थासाठीच घेतात. अर्थ सोप्या मराठीत दिलेत हे फार चांगलं. पॅट म्हणजे थोपटणे, स्टेअर म्हणजे टक लावून बघणे, व्हाइन म्हणजे वेल, असे बोलीतले शब्द आहेत, उगाच जड संस्कृत नाही. सासूबाईंना ते झटकन पाठ होतात. पण एका शब्दाला एकच अर्थ, हा हट्ट का? लाइट म्हणजे प्रकाश दिलंय, हलका दिलेलं नाही. फेअर म्हणजे जत्रा दिलंय, न्याय्य दिलेलं नाही. रिंग म्हणजे अंगठी, पण फोनची रिंग वाजते ती कुठली? वेल म्हणजे विहीर दिलंय, आणि लेक आय ॲम वेल वाचून मला म्हणाली मी विहीर आहे असं का म्हणतोय तो. फेल म्हणजे पडला दिलंय पण ते फॉलचं भूतकाळी रूप आहे हे कुठेच नाही, मग पोरं आय फेल डाउन टुमारो म्हणतात.

आणि हा अर्थाचा मुद्दा यमकापासून वेगळा नाहीये, हे मला टिअरच्या कार्डानी शिकवलं. टी-ई-ए-आर. पुस्तकात टिअर म्हणजे अश्रू असं दिलंय, डिअर आणि फिअरच्या शेजारी, बरोबर आहे. पण तेच स्पेलिंग, तीच चार अक्षरं, टेअर वाचली की अर्थ होतो फाडणे, आणि मग ते बेअर, चेअरच्या ढिगात जातं. म्हणजे आधी अर्थ कळल्याशिवाय यमक कळूच शकत नाही! असे शब्द शोधत गेले तर सापडतच गेले. बो म्हणजे धनुष्य, तो स्नो आणि गोशी जुळतो, आणि बाउ म्हणजे वाकून नमस्कार, तो काउ आणि नाउशी, स्पेलिंग दोन्हीचं बी-ओ-डब्ल्यू. रो म्हणजे ओळ आणि राउ म्हणजे भांडण. विंड म्हणजे वारा आणि वाइंड म्हणजे गुंडाळणे, वाइंड जुळतो काइंड आणि माइंडशी. लेड म्हणजे शिसं, रेडशी जुळणारा, आणि लीड म्हणजे पुढे नेणे, नीडशी जुळणारा. क्लोझ म्हणजे बंद करणे तो रोझ आणि नोझबरोबर, आणि क्लोस म्हणजे जवळ तो डोसबरोबर. ही सगळी कार्डं आम्ही दोन्ही ढिगांत ठेवता यावीत म्हणून दुसरं कार्ड हातानी लिहून तयार केलं. पुस्तकात अशा शब्दांवर नुसती चांदणी काढली असती तरी पालकांचं लक्ष गेलं असतं.

देवनागरी उच्चारांवर काही लोक नाक मुरडतात, म्हणतात इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवा. मला ते पटत नाही. आपली लिपी ह्या कामाला फार उपयोगी आहे. पुल म्हणजे ओढणे आणि पूल म्हणजे पोहण्याचा तलाव, ऱ्हस्व दीर्घ बघितलं की फरक समोर. पुल, फुल, बुल एकीकडे आणि पूल, कूल, स्कूल दुसरीकडे. शिप आणि शीप, म्हणजे जहाज आणि मेंढी, तेच. ॲ आणि ऑ आहेतच. अडचण फक्त अ ची होते, कारण बर्ड आणि बडमधला स्वर आपण एकाच अ नी दाखवतो, पण तिथे र असल्यामुळे निभावतं. पुस्तकातले उच्चार बहुतेक बरोबर आहेत. मथळे स्पेलिंगचे आणि खालचे उच्चार कानाचे, असं झालंय, म्हणजे पुस्तक स्वतःचंच स्वतःला खोटं पाडतं, आणि ज्यांनी उच्चार लिहिले त्यांचं काम मला खरंच मनापासून आवडलं.

ऑडिओ मात्र निराशा करतो. पुस्तक ब्रिटिश धर्तीवर आहे आणि आवाज अमेरिकन. सॉ, पॉ, डोअर, फोर, मोर हे पुस्तकात एका पानावर आहेत. इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या प्रमाण उच्चारात ते चालतं, कारण तिथे शेवटचा र म्हणतच नाहीत, डॉ, फॉ, मॉ असं काहीतरी ऐकू येतं. पण ऑडिओतली बाई र स्वच्छ म्हणते, मग सॉ आणि डोअर कुठे जुळले? आपण मराठी माणसं पण र सोडत नाही, त्यामुळे आपल्या तोंडात सुद्धा ते जुळत नाहीत. तेच झेडचं. ए बी सी डी च्या गाण्याची शेवटची अक्षरं ब्रिटिश पद्धतीनी झेड म्हटली तर पुढच्या मी शी जुळत नाहीत, अमेरिकन झी म्हटलं की लगेच जुळतात. लेकीला शाळेत झेड शिकवतात आणि ऑडिओत झी येतं. ह्यात चूक बरोबर काही नाही, दोन्ही ठीक आहेत, पण एका पुस्तकात एकच काहीतरी धरायला पाहिजे होतं किंवा एका ओळीची सूचना तरी.

आता एक फार मोठी चूक, जी मी बघितलेल्या चारही पुस्तकांत आहे. सिंगिंग, रनिंग, ईटिंग, जम्पिंग एका पानावर, शेवट इंग आहे म्हणून. हे यमक नाही. इंग्रजीत यमकाचा नियम असा आहे की शब्दात जिथे शेवटचा जोर पडतो त्या स्वरापासून पुढचं सगळं सारखं लागतं. रनिंगमध्ये जोर र वर आहे, म्हणून त्याचं यमक कनिंगशी. सिंगिंगचं रिंगिंगशी. ईटिंगचं मीटिंगशी. नेशनचं स्टेशनशी जुळतं पण ॲक्शनशी जुळत नाही, शेवटी तेच शन असलं तरी. मराठीत जोराची भानगड अशी नसते म्हणून आपल्याला हे पटकन लक्षात येत नाही, शेवटची दोन अक्षरं जुळली की आपण खूश. पण हा नियम एकदा कळला की पोरांना शब्दात जोर कुठे द्यायचा हे आपोआप कळायला लागतं, आणि इंग्रजी बोलताना आपण सगळ्यात जास्त तिथेच अडकतो. तसंच सी म्हणजे बघणे आणि सी म्हणजे समुद्र, पेअर म्हणजे जोडी आणि पेअर म्हणजे फळ, हे यमक म्हणून दिलेत, ते यमक नव्हे, ते समोच्चारी शब्द. यमकात सुरुवातीचा आवाज बदलायला हवा. सवड असेल तर त्यांचा वेगळा डबा करा, मुलांना ते फार आवडतात.

इतकं वाचून वाटेल की मी पुस्तक टाकून द्या म्हणतेय. अजिबात नाही, कारण शेवटून तिसरं पान एकटंच सगळ्याची भरपाई करतं. तिथे भूतकाळाचे शब्द साध्या शब्दांशी जुळवलेत. मिस्ड आणि लिस्ट. पास्ड आणि फास्ट. गेस्ड आणि बेस्ट. पॅक्ड आणि फॅक्ट. प्लेड आणि मेड. आपल्याकडे भलेभले शिकलेले लोक वॉकेड, पासेड, मिसेड म्हणतात, कारण ई-डी दिसतं. मी लेकीला कधीही नियम सांगितला नाही की इथे ट म्हण आणि तिथे ड म्हण, फक्त मिस्ड-लिस्ट, पॅक्ड-फॅक्ट चार दिवस खेळलो आणि आता ती आपोआप बरोबर म्हणते. ज्यांनी हे पान तयार केलं त्यांचा कान पक्का आहे आणि बाकीचं पुस्तक त्यांच्याच हातात द्यायला हवं होतं असं राहून राहून वाटतं.

लेकीचं आवडतं पान वेगळंच आहे, ज्यांचं कुणाशीच जुळत नाही अशा शब्दांचं. मंथ म्हणजे महिना, ऑरेंज, सिल्व्हर. तिला त्या शब्दांची दया येते, त्यांना मित्र नाहीत म्हणते. म्हणून मी शोधून काढलं की वेल्समध्ये ब्लॉरेंज नावाचा एक डोंगर आहे, आणि चिल्व्हर हा मेंढीच्या मादी कोकराला जुना शब्द आहे. ऑरेंजला डोंगर मिळाला आणि सिल्व्हरला कोकरू. मंथला मात्र अजून कुणी मिळालेलं नाही, ती रोज विचारते.

कुणी विचारेल की नुसती यमकं म्हणून काय होतं. लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट ह्या दोघांनी ऑक्सफर्डमध्ये चार-पाच वर्षांच्या, अजून वाचायला न शिकलेल्या मुलांना आवाजावरून गटात न बसणारा शब्द ओळखायला सांगितला होता आणि पुढे काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, १९८३ साली नेचर ह्या विज्ञान साप्ताहिकात ते छापून आलं. ज्यांचा कान आधी तयार होता ती मुलं पुढे वाचनात आणि स्पेलिंगमध्ये सरस ठरली. त्यांनी ६५ मुलांवर दोन वर्षं वेगळा प्रयोगही केला, काहींना नुसते आवाज ओळखायला शिकवलं आणि काहींना आवाजांसोबत प्लॅस्टिकची अक्षरं हातात दिली, तर अक्षरं हाताळणारी मुलं सगळ्यात पुढे गेली. मला म्हणून पुस्तकापेक्षा कार्डांचा डबा जास्त मोलाचा वाटतो. पुस्तकातलं पान बदलता येत नाही, कार्ड उचलून दुसऱ्या ढिगात टाकता येतं.

घेणार असाल तर आमच्या चुकांमधून शिकलेलं सांगते. पुस्तकाचा पहिला अर्धा भाग बिनधास्त जसाच्या तसा घ्या. दुसऱ्या अर्ध्यात प्रत्येक पान आधी तुम्ही मोठ्यांदा वाचा, मनात नको, आणि जो शब्द कानाला खटकेल त्याच्यावर पेन्सिलनी काट मारा, मगच मुलाच्या हातात द्या. शंका आली तर कार्नेगी मेलन विद्यापीठाचा उच्चारकोश इंटरनेटवर फुकट आहे, त्यात १ लाख ३४ हजारांहून जास्त शब्द ३९ ध्वनींत मांडलेत, पण ते उच्चार अमेरिकन आहेत हे लक्षात ठेवून बघा. अर्थ पाठ करून घेऊ नका, जुळणारे दोन शब्द घेऊन एक वाक्य करायला लावा. द बेअर सॅट ऑन अ चेअर. अस्वल खुर्चीवर बसलं. वाक्यात शब्द आला की अर्थ हलत नाही, नुसता जोडीत पाठ केला तर हॅट आणि मॅट आलटून पालटून होतात, लेकीनी आठवडाभर चटई डोक्यावर घातली होती.

स्टार द्यायचे तर कार्डांना साडेचार, अर्थांना साडेतीन, मांडणीला दोन, ऑडिओला एक. सहा ते नऊ वयाच्या मुलांना आणि इंग्रजी नव्यानी शिकणाऱ्या मोठ्यांना, दोघांनाही चालेल, मोठ्यांना तर मी आवर्जून सांगेन, कारण सासूबाई आता टीव्हीवर इंग्रजी जाहिरात लागली की त्यातलं यमक पकडतात आणि अर्थ मला विचारतात. काल रात्री झोपताना त्यांनी लेकीला विचारलं, कॉफ कुठल्या ढिगात ठेवलंस. ती म्हणाली, ऑफबरोबर, आजी. मग दोघींनी उठून दिवा लावला आणि टफच्या ढिगात रफ आणि स्टफ आहेत का ते बघितलं. रफ होतं, स्टफ सापडलं नाही, ते आज लिहायचंय.